डाव्या पायाची गाडी

आमच्या घरात क्लच कुणाला दाबता येतो, तर फक्त मला. आणि म्हणूनच मला क्लचवाली गाडी हवी होती. हे खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. सांगायला बाकीची कारणं भरपूर होती. ॲव्हरेज चांगलं पडतं, दुरुस्ती कुठल्याही मेकॅनिककडे होते, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ऑटोमॅटिकची वायरिंगची कामं निघतात. भांडी घासताना, मासळी साफ करताना, जेवायला वाढताना मी हेच पारायण लावलं होतं. शेवटी माझा नवरा दीपेश कंटाळून म्हणाला, "कल्पे, तू गाड्यांच्या दुकानातच कामाला लाग."

कामाला मी लागणारच होते, पण पेणला. तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी निवड झाली होती. लग्नाआधी मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट इतकी वर्षं लग्नातल्या शालूखाली पडून होतं. एक तारखेला हजर व्हायचं होतं. ड्युटी सकाळी सातची. आमच्या थळहून अलिबाग, अलिबागहून पेण, आणि त्या वेळेला एसटीचा मेळ काही केल्या बसत नव्हता. म्हणजे गाडी असेल तर नोकरी, नाहीतर सर्टिफिकेट परत शालूखाली. सेकंडहँड का होईना, पण गाडी हवीच, हे दीपेशलाही पटलं होतं. कुठली घ्यायची यावर घोडं अडलं होतं.

आता खरं कारण सांगते. मी माहेरून एक स्कूटर आणली होती. चांगली निळी, माझ्या नावावरची. स्कूटरला गिअर नसतो, त्यामुळे ती कुणीही चालवतो. पहिल्या महिन्यात दीपेश ती बंदरावर घेऊन गेला. दुसऱ्या महिन्यात त्याचे खलाशी घेऊन जाऊ लागले. मग नणंदेचा नवरा. मग कुणाकुणाचं काय काय काम निघायचं, कुणाला दवाखाना, कुणाला बर्फ. परत यायची तेव्हा टाकी कोरडी आणि सीटवर खवले. मी चावी लपवून ठेवली तर सासूबाई म्हणाल्या, "चावी लपवतंस? आपल्याच मानसांपासून?" त्यानंतर चावी दारामागच्या खिळ्याला लागली ती स्कूटर भंगारात जाईपर्यंत. तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं होतं की पुढची गाडी घेईन ती अशी, की जी चालवायला माझाच डावा पाय लागेल.

हा डावा पाय मला माझ्या बापाने दिला. नवगावला त्याचा मासळीचा टेम्पो होता. बर्फाच्या लाद्या भरून बंदराचा चढ चढवताना क्लच कुठे सोडायचा आणि कुठे धरून ठेवायचा, हे मी सोळाव्या वर्षीच शिकले होते. दीपेशला होडी येते, मोटारसायकल येते. गाडीही येते असं तो सांगतो. प्रत्यक्षात तो क्लच सोडतो तेव्हा गाडी दोन उड्या मारून बंद पडते, आणि मग तो गाडीलाच नावं ठेवतो.

कुणाला वाटेल, एका गाडीसाठी केवढा हा हट्ट. पण आमच्या कोळीवाड्यात येऊन राहा म्हणजे कळेल. घर दोन खोल्यांचं, पुढे ओटी, आणि दार सकाळी उघडतं ते झोपेपर्यंत उघडंच. दुपारी जरा दार लोटून पडलं की शेजारीण येऊन विचारते, "काय गो, बरा नाय काय?" दिवसभर "कल्पे" अशी हाक येत राहते, कधी स्वयंपाकघरातून, कधी सुकत घातलेल्या बोंबलांकडून, कधी ओटीवरून. मला या माणसांचा राग नाही. माणसं चांगली आहेत. पण चांगल्या माणसांनीही चारी बाजूंनी धरून ठेवलं की श्वास कोंडतो. मला रोज तासभर जाताना आणि तासभर येताना काचा वर करून एकटीने बसायचं होतं. कुणी हाक मारली तरी ऐकू येऊ नये, एवढंच मागणं होतं माझं.

ओटीवरची हाक सासऱ्यांची. होडी चालवणारा मुख्य माणूस तो तांडेल. अनंता तांडेल म्हटलं की अजूनही बंदरावरची म्हातारी माणसं मान हलवतात. त्यांच्यासारखी होडी धक्क्याला लावणारा माणूस नव्हता म्हणतात. दोन वर्षांपूर्वी जाळं ओढायच्या यंत्राचा, विंचचा दोर त्यांच्या डाव्या पायात अडकला. पाय वाचला, पण गुडघ्याखाली त्यात जोर राहिला नाही. तेव्हापासून होडी दीपेशकडे आणि बाबा ओटीवर. ओटीच्या समोर शेजाऱ्याने नवीन घर बांधलं, त्याची भिंत. प्लॅस्टर न केलेली. समुद्र त्या भिंतीमागे आहे. तो ऐकू येतो, दिसत नाही. बाबा दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसायचे आणि मी दर थोड्या वेळाने पाणी दे, काठी दे, आत ने, बाहेर आण करायची. ते माझ्याकडे कधी काही मागत नसत असं नाही, पण मागताना त्यांना लाज वाटायची आणि ती लाज बघून मला चीड यायची. कुणावर ते मलाही सांगता यायचं नाही.

भांगाचे दिवस होते. समुद्राला ओढ नसली की जाळ्यात काही लागत नाही, म्हणून होड्या बंदरात उभ्या होत्या आणि दीपेश मोकळा होता. चोंढीजवळ परेश नावाच्या एका मुलाने जुन्या गाड्यांचं दुकान टाकलंय, तिथे जायचं ठरलं. रिक्षा दारात आली, आम्ही दोघं बसलो, तर बाबा काठी टेकत ओटीवरून उतरले.

"मी पन येतंय," ते म्हणाले.

"बाबा, तुमी काय करनार तिथं?" दीपेश म्हणाला.

"बसंन."

सासूबाई दारातून ओरडल्या, "जाऊ दे त्यास्नी. आनि दीपेश, ती आपोआप चालते ती घे. सगल्यांना चालवाया येल." सगळ्यांना! मी रिक्षाच्या दांड्यावरची पकड घट्ट केली.

परेशकडे आमच्या ऐपतीच्या दोनच गाड्या निघाल्या. एक करड्या रंगाची, क्लचवाली. रिटायर झालेल्या एका मास्तरांची. टायर गुळगुळीत, मागचा दिवा चिकटपट्टीने चिकटवलेला, पण क्लचप्लेट नवी आणि इंजिनाचा आवाज स्वच्छ. दुसरी पांढरी, ऑटोमॅटिक. मांडव्याच्या एका बंगलेवाल्यांची. "दादा, ये गाडी सिर्फ सॅटर्डे-संडे चाललीये," परेश दीपेशला सांगत होता. "मुंबईहून रो-रो बोटीने यायची, बंगल्यात उभी राहायची, परत जायची. लेडीज के लिए तो एकदम बेस्ट. ना क्लच, ना टेन्शन."

"लेडीजला क्लचचं टेन्शन नाही," मी म्हटलं आणि पांढऱ्या गाडीची पायातली चटई उचलून बघितली. समुद्राकाठी उभ्या राहिलेल्या गाडीला खालून गंज धरतो. दुर्दैवाने गंज नव्हता. गाडी चांगली होती. मला फार वाईट वाटलं.

दीपेश त्या मास्तरांच्या गाडीचं बॉनेट उघडून मेकॅनिकशी बोलत उभा राहिला. होडीच्या इंजिनाइतकं त्याला त्यातलं कळतं असं त्याला वाटतं. पांढरी गाडी चालवून बघायला मी, मागे परेश, आणि माझ्या शेजारी डाव्या सीटवर बाबा. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. ते बसलेच.

मांडव्यापर्यंत मी गाडी नेली. डाव्या पायाला काही कामच नव्हतं. तो नुसता पडून होता. मी मुद्दाम तोंड वाकडं करून चालवत होते. बाबा मात्र माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. त्यांची नजर मधल्या दांड्यावर होती.

"हा म्होरं जायाचा?" त्यांनी विचारलं.

"हां काका. डी म्हणजे पुढे, एन म्हणजे न्यूट्रल, आर म्हणजे मागे," परेश मागून म्हणाला.

"म्हंजे होडीचाच गिअर हाय की." ते हसले. दोन वर्षांत मी त्यांचे इतके दात पाहिले नव्हते. "आनि पाय?"

"एकच लागतो काका. उजवा."

बाबांनी खाली आपल्या पायांकडे बघितलं. त्यांचा उजवा पाय ठणठणीत आहे. पुढे काय होणार ते मला तिथेच कळलं. जेट्टीअलीकडे मोकळं मैदान आहे, गाड्या लावायचं. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे कुणी नसतं. तिथे पोचल्यावर बाबा म्हणाले, "पोरी, जरा मना दे."

नाही म्हणायला मला काही कारण सुचलं नाही. लायसन नाही म्हणावं, तर परेश म्हणाला, "ग्राउंड में क्या लायसन, काका, या." मी उतरले, त्यांचा डावा पाय हाताने उचलून आत ठेवला, आणि डाव्या सीटवर जाऊन बसले.

आणि बाबांनी गाडी चालवली. हळूहळू, मैदानाच्या कडेकडेने, मोठा गोल घेत. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग त्यांनी थांबवून मागे घेतली, परत पुढे नेली, परत मागे. चाक त्यांच्या हातात असं फिरत होतं की मला माझ्या चालवण्याचा गर्व वाटायचा बंद होऊन त्यांचा हेवा वाटायला लागला. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर एक वेगळाच माणूस आला होता, ज्याला मी विसरूनच गेले होते. माझ्या लग्नात मांडवभर फिरत होता तो.

"दोन वर्सांनी सोता कुठं तरी गेलो मी," ते म्हणाले. मैदानातच गोल गोल फिरत होतो आम्ही. 

मग त्यांना जेट्टी बघायची हुक्की आली. मैदानातून एक छोटा रस्ता तिकडे जातो. परेश फोनवर कुठल्यातरी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता, त्याने नुसता हात हलवला. रो-रोतून उतरलेल्या गाड्या नुकत्याच गेल्या होत्या, रस्ता मोकळा होता. आम्ही रांगत चाललो होतो. समोर पाणी दिसायला लागलं आणि बाबा त्या पाण्याकडे बघायला लागले. तेवढ्यात कडेच्या टपरीमागून एक बाई हातात आइसक्रीम घेऊन पोराला ओढत रस्त्यावर आली.

बाबांनी तिला पाहिलं. नीट पाहिलं, वेळेत पाहिलं. आणि होडी धक्क्याला लावताना चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. होडीला ब्रेक नसतो. होडी थांबवायची तर गिअर उलटा मारायचा. त्यांचा उजवा पाय जागचा हलला नाही. हात गेला दांड्यावर, अंगठ्याने बटण दाबलं, आणि दांडा सरळ रिव्हर्समध्ये.

गाडी अशी हिसडली की माझं कपाळ समोर आपटता आपटता राहिलं. बाई ओरडून बाजूला झाली. आणि गाडी मागे सुटली. मागून सवारी भरलेली मिनीडोअर रिक्षा येत होती, तिचा भोंगा माझ्या कानाशी वाजला. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा मिनीडोअरचा ड्रायव्हर आणि आमची डिकी यांच्यात हातभर जागा होती. ड्रायव्हरने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बाजूने निघून गेला.

परेशचा फोन सीटखाली पडला होता. तो उचलत तो म्हणाला, "कुछ नहीं, कुछ नहीं. बहुत दिन उभी होती ना, सुरुवातीला जरा जर्क देते. सर्विसिंग करून देतो." त्याला वाटलं दोष गाडीचा आहे, आणि तो घाईघाईने लपवत होता. काय झालं ते त्याने बघितलंच नव्हतं.

बघितलं होतं फक्त मी. बाबांचा हात अजून दांड्यावर होता आणि हातावर माझा हात.  ते माझ्याकडे बघत होते. सांगू नको, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

परतताना गाडी मी चालवली. सबंध रस्ता मी एकच हिशेब घालत होते. आता मी जिंकले होते. दुकानात गेल्यावर एवढंच सांगायचं, की बाबांनी ब्रेकच्या जागी रिव्हर्स मारला, दोन जीव थोडक्यात वाचले. संपलं. क्लचवाली माझी. पण आठवडाभर मी ऑटोमॅटिकच्या नावाने बोटं मोडली होती. आता ही गोष्ट सांगितली तर दीपेश काय म्हणेल? सासूबाई काय म्हणतील? हिला गाडी एकटीला हवी म्हणून ही पांगळ्या म्हाताऱ्यावर आळ घेते. खरं बोलायची वेळ आली आणि माझ्या फायद्याचं खरं कुणाला खरं वाटणार नव्हतं. आणि शेजारी बाबा बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून, शाळेतून काढून टाकलेल्या मुलासारखे.

दीपेश हात पुसत पुढे आला. "काय, बाबांनी पन चालवली म्हंतंय परेश. कशी चालवली?"

मी तोंड उघडलं. बाबा खाली बघत होते.

"बरी चालवली," मी म्हटलं. मग स्वतःचाच इतका राग आला की अजून थोडं जोरात म्हटलं, "चांगली चालवली."

झालं. पांढरी गाडी ठरली. उद्या येऊन व्यवहार पुरा करायचा असं बोलणं झालं आणि परेशने सगळ्यांना लिंबूसरबत पाजलं. मी ते औषधासारखं प्यायले.

घरी पोचेपर्यंत सासूबाईंनी आळीभर सांगून टाकलं होतं, दीपेशने फोन केला होता ना. येणारा-जाणारा ओटीशी थांबायचा. "काय तांडेल, आता गाडीचं तांडेल व्हनार!" बाबा नुसती मान हलवत होते. नणंदेच्या नवऱ्याचाही फोन आला, पुढच्या आठवड्यात त्याला गाडी हवी होती, लग्नाला जायला. गाडी अजून परेशच्या दुकानात होती.

पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझं लक्ष आळीत होतं. आमच्या आळीत पोरं क्रिकेट खेळतात, भिंतीवर कोळशाने स्टंप काढून. चेंडू गटारापलीकडे गेला की दोघं-तिघं एकदम धावतात, इकडेतिकडे न बघता. एवढीशी आळी. तिच्यातून गाडी जाणार, आणि चाकामागे तो उजवा पाय, जो वेळेला हलत नाही. मी काय करून बसले? एका म्हाताऱ्याचं तोंड उतरू नये म्हणून मी या पोरांचा जीव टांगला होता. मी ताट तसंच उचलून ठेवलं. सकाळी दीपेशला सांगायचंच असं मी ठरवलं. मग मला खोटारडी म्हणोत, मतलबी म्हणोत, काय वाट्टेल ते म्हणोत. बाबाही त्या दिवशी जेवले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "आनंदानं पोट भरला त्यांचा."

सकाळी दीपेश मोरीशी तोंड धूत होता. मी टॉवेल घेऊन त्याच्यामागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "ऐक, मला काल..."

"दीपेश!" ओटीवरून हाक आली. तांडेलाची हाक. दोन वर्षांत त्या आवाजात घरात हाक आली नव्हती. "क्लचवाली घे."

दीपेश तसाच साबणाच्या तोंडाने बाहेर गेला. "काय?"

"ती करडी घे. मास्तरांची."

"अवो पन काल तर..."

"त्या पांढरीचा बरेक लागत नाय."

"बरेक नाय लागत? परेश तर काय बोलला नाय." दीपेशने वळून माझ्याकडे बघितलं. "आनि ही तर म्हनाली चांगली चालली?"

माझ्या हातात टॉवेल होता. मी त्याचं टोक पिळत उभी राहिले.

"तिला काय कलतंय बरेकातला," बाबा म्हणाले. "मी सोता चालवलीय. मना इचार."

घरात गाडी येणारी एकटी मी, आणि मला ब्रेकमधलं कळत नाही! दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी मान खाली घातली आणि म्हटलं, "हो, मला काही तसं लक्षात आलं नाही."

सासूबाई बाबांवर तुटून पडल्या. हातची चांगली गाडी घालवली, म्हातारपणी अक्कल गेली, आता ती एकटी चालवनार आनि आमी काय बघत बसनार?  बाबा त्यांच्या जागेवर बसले आणि भिंतीकडे बघायला लागले. मी पाणी नेऊन दिलं तेव्हा त्यांनी तांब्या घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मीही आभार मानले नाहीत. काय म्हणून मानणार होते? दोघांनीही तोंड उघडलं असतं तर दोघांचंही खोटं उघडं पडलं असतं.

करडी गाडी घरी आली. सासूबाईंनी रागारागातच का होईना, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. चावी दीपेशने सवयीने दारामागच्या खिळ्याला लावली. मी ती काढून माझ्या पर्समध्ये टाकली. कुणी अडवलं नाही, कारण चावी घेऊन करणार काय होते? नणंदेच्या नवऱ्याने येऊन एकदा प्रयत्न केला. गाडीने आळीच्या तोंडाशी तीन उड्या मारल्या आणि बंद पडली. पोरं हसली. तो परत आला नाही. मी मनातल्या मनात माझ्या बापाच्या टेम्पोला नमस्कार केला.

मग एक तारीख आली. उजाडायच्या आत मी उठले, डबा भरला, शालूखालून काढलेलं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. दीपेश होडीवर गेला होता. सासूबाई अलिबागच्या बाजाराला निघत होत्या, मासळीची पाटी तयार. "जाता जाता मना सोड," त्या म्हणाल्या.

याचीच मी वाट बघत होते. "आई, ती कामाची गाडी आहे," मी म्हटलं. "लॅबमध्ये जायचंय मला, कपड्यांना वास लागतो. पाटी गाडीत नको." एकदा नाही म्हटलं की कायमचं नाही म्हणता येतं, आणि आज नाही म्हटलं नाही तर कधीच म्हणता येणार नाही, हे मला माहीत होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पाटी डोक्यावर घेतली आणि पुटपुटत रिक्षाच्या दिशेने गेल्या.  मी जिंकले होते. या घरात पहिल्यांदा.

मी पर्स खांद्याला लावली, ओटीवर आले. ओटी रिकामी होती. बाबा परसात गेले असतील असं वाटलं. आळीच्या तोंडाशी गाडी उभी होती, दव पडून ओली झालेली. डावीकडच्या दाराला कुलूप नीट लागत नाही, मास्तरांच्या वेळेपासूनच. मी उजवं दार उघडून आत बसले आणि किंचाळले.

डाव्या सीटवर बाबा बसले होते. लग्नाकार्याला घालायचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, काठी दोन गुडघ्यांत. पट्टासुद्धा लावला होता. मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. गाडीभर सुक्या बोंबलांचा वास सुटला होता.

"बाबा, कुठं निघालात?"

"पेनला."

"पेणला काय आहे?"

"काय नाय."

"अहो, मी दिवसभर कामावर असणार. संध्याकाळी सुटणार. तुम्ही काय करणार तोवर?"

"बसंन. गाडीतच. काच तेवढी खाली ठेव." त्यांनी मांडीवरचं फडकं जरा वर केलं. "भाकर घेतलीय. तुना काय तरास नाय."

"आणि रोज?"

ते समोर बघत राहिले. समोर आळी संपत होती आणि रस्ता सुरू होत होता.  उत्तर मला कळलं होतंच.

मला रडू आलं, रागाने. हा एक तास माझा होता. याच्यासाठी मी आठवडाभर खोटं बोलले होते, आत्ता पाच मिनिटांपूर्वी एका म्हातारीला पाटी डोक्यावर घेऊन रिक्षाकडे पाठवलं होतं. आता रोज जाताना हे, येताना हे, आणि दिवसभर नमुने तपासताना मनात हेच, की खाली उन्हात गाडीत एक माणूस बसलाय. मधल्या सुट्टीत त्यांना पाणी कोण देणार? लघवीला कोण नेणार? उतरा, एवढा एकच शब्द होता. ते उतरले असते. काठी टेकत ओटीवर गेले असते आणि पुन्हा त्या भिंतीसमोर बसले असते, आणि त्याबद्दल माझ्याशी जन्मात एक शब्द बोलले नसते. ज्या माणसाने गाडी मला दिली होती त्यालाच मी गाडीतून काढायचं होतं, आणि त्याने दिली हे मला आणि त्यालाच ठाऊक होतं.

डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकत होता. त्यांच्या बाजूचं दार अर्धवट लागलं होतं.

"बाबा, दार," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कडक वाटला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग सावकाश पट्टा सोडला, दार उघडलं, काठी बाहेर टेकली आणि दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलायला लागले. मी उतरायला सांगतेय असं त्यांना वाटलं होतं. फडक्यातली भाकरी त्यांनी आधीच काखेत घेतली होती.

मी बघत राहिले. एवढंच करायचं होतं मला, गप्प बसायचं. पाय बाहेर गेला असता, दार बाहेरून लागलं असतं आणि मी काचा वर केल्या असत्या.

"नीट लागलं नाही म्हटलं," मी म्हटलं. "जोरात ओढून घ्या."

त्यांनी पाय परत आत घेतला, काठी आत घेतली आणि दार ओढलं. लाल दिवा विझला. मी त्यांचा पट्टा लावून दिला, त्यांच्या बाजूची काच थोडी खाली केली आणि क्लच दाबला.